आचार्य आणि आचारी

‘शुभ सकाळ’चे ‘शु. स.’ करून भ्रमणध्वनीवर धाडणाऱ्या आमच्या मंडळींना त्या आद्याक्षरांसाठी आता स्वतंत्र जोडाक्षर हवे आहे! हौस दांडगी खरी. पण घरात आहे त्या जोडाक्षराची वाट काय? १९५६ पर्यंत नागपूर हीच ज्याची राजधानी होती, त्या या रायपुरात मी ‘आचाऱ्यांना बिदागी’ असे लिहून दिले. छापून आले ‘आचार्यांना बिदागी’. मुद्रकाला काय बोल लावावा? र-चे हे कोरीसारखे रूप हिंदीला लागत नाही; आम्हांला त्यावाचून स्वयंपाकी आणि गुरुजी निराळे करता येत नाहीत. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य एवढे टंकले की ते उमटते. तेवढे कष्ट नकोत, आणि म्हणे नवे अक्षर घडवू!