मेणाची दाढ

कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यामागे गोपाळरावांचा हट्ट होता, हे आपण शाळेपासून ऐकतो. उलटी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. समजा, डोळखांबची एक सून आहे आणि नवरा मुंबईत दंतवैद्यक शिकतोय. चार वर्षं अभ्यास, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी त्याने मेणात कोरलेली दाढ घरी आणली. हिने ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली. तिसऱ्या वर्षी खुर्चीत खरे पेशंट बसू लागले, तेव्हा शहापूरच्या एसटीत हिने शेजारणीला न विचारताच सांगितलं, ‘आमचे हे आता लोकांचे दात बघतात हो!’ सासूची मशेरी मात्र सुटत नाही. ‘आधी पास तर होऊ दे त्याला,’ म्हणते. दात आहेत तर चणे नाहीत, अशी आपली म्हण. या घरात दातांची विद्या आली. चणे अजून हिच्या भातलावणीतून आणि शिलाई मशीनवरूनच येतात. उद्या पदवीच्या कागदावर नाव एकट्याचंच असेल. फ्रेम पुसताना तिला त्यात दोन दिसतील.