नारू आणि बारवेच्या पायऱ्या

मांजरांचा विषय निघाला की या सदराचा कुणी ना कुणी वाचक टोक्सोप्लाझ्माबद्दल विचारतोच. या एकपेशीय परजीवीचं लैंगिक प्रजनन होतं ते फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात. त्याची लागण झालेले उंदीर मांजराच्या मुताच्या वासाला बिचकेनासे होतात, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. उंदरापुरतं ठीक. पुढे प्रागच्या यारोस्लाव्ह फ्लेगर यांनी या लागणीचा रस्त्यावरच्या अपघातांशी संबंध जोडला आणि माणसाच्या प्रत्येक वेडेपणाचं खापर मांजरावर फुटू लागलं. न्यूझीलंडमधल्या डुनेडिनच्या लोकांवरचा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात लागण आणि स्वभाव यांचं नातं जवळजवळ दिसलंच नाही. आपल्याकडच्या अपघातांना तर खड्डे पुरेसे आहेत.

माणसाला खरोखर आपल्या सोयीने चालवणारा परजीवी आपल्याच गावांत होऊन गेला: नारू. त्याच्या अळ्या सायक्लॉप्स या जेमतेम दिसणाऱ्या पाणकिड्यातून पिण्याच्या पाण्याबरोबर पोटात जायच्या. वर्षभर काही कळायचं नाही. मग पायावर फोड यायचा आणि नुसती आग आग व्हायची. आत शेवईएवढी जाड, दोन-तीन फूट लांब मादी. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवायचा; फोड फुटायचा आणि मादी लाखो अळ्या सोडून द्यायची. ती पिण्याच्या पाण्याची बारव असली, की पुढच्या वर्षीचे रोगी ठरलेच.

मेंदूला हात लावायची नारूला गरजच पडली नाही. भाजणारा पाय गार पाण्यात घालणं हा शहाण्या माणसाचाच निर्णय. म्हणूनच अशा रोग्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

यावर लस नव्हती, औषधही नव्हतं. जंत काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा, कधी कधी महिनाभर ओढत बसायचं. १९८०च्या दशकातल्या मोहिमेने मग विहिरीच बदलल्या. पायऱ्या बंद झाल्या, कठडे आले, हातपंप बसले, पाणी फडक्याने गाळून घ्यायची सवय लावली गेली. १९८४ मध्ये देशात सुमारे चाळीस हजार रोगी होते. शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला.

आफ्रिकेतल्या चाडमध्ये आता नारू कुत्र्यांत आढळतो. पाण्यात जाऊ नकोस, हे कुत्र्याला समजावणार कोण? तिथे लागण झालेली कुत्री बांधून ठेवतात आणि मासळीची आतडी खाऊन कुत्र्यांना लागण होऊ नये म्हणून ती उघड्यावर न टाकता पुरतात.