धावणाऱ्या पायांखालचा इतिहास

वारसा म्हटले की आपण दिल्ली-आग्र्याकडे बोट दाखवतो. रोज सकाळी ज्या बागेत धावायला जातो, तिची मात्र चौकशी करत नाही.

छत्रपती संभाजीनगरातील दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग मोगलकाळातली. आज तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. जवळच सलीम अली सरोवर. हा जुना खिजरी तलाव. आता त्याला ख्यातनाम पक्षिशास्त्रज्ञाचे नाव आहे. फजरची नमाज पढून आलेले चाचा आणि देवपूजा उरकून आलेले काका इथे एकाच वाटेवर चालतात.

हे शहर मुळात खडकी. १६१० मध्ये ते वसवणारा मलिक अंबर हबशी होता, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने जमिनीचा उतार साधून नहरीने घरोघरी पाणी आणले. त्या नहरी आज घरे आणि रस्त्यांखाली मोडत आहेत. ज्यांना त्या ओळखूच येत नाहीत, ते त्या वाचवणार कसे?

म्हणून शाळा उर्दू असो वा मराठी, इतिहासाचा एखादा तास बागेत व्हावा. पालकांनीही रविवारी मुलांना सोबत न्यावे, थोडे धावावे आणि मग थांबून ही हकिकत सांगावी. नावांवरून भांडायला मुले आपल्याकडूनच शिकतात. जपायलाही आपणच शिकवायला हवे.