दरसाल नवी आवृत्ती कशासाठी?

फॉर्म्युला वन मोटारशर्यतींवरचा व्हिडिओ गेम २०२६ साली नव्याने काढायचा नाही, असे 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. ज्यांच्यापाशी २०२५ चा खेळ आहे त्यांना नव्या हंगामाच्या मोटारी, संघ आणि चालक यांची पुरवणी विकत घेता यावी आणि संपूर्ण नवा खेळ २०२७ मध्ये यावा, अशी ही योजना. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह' या ब्रिटिश संस्थेने 'फुटबॉल मॅनेजर'ची २०२५ ची आवृत्ती, दोनदा पुढे ढकलल्यानंतर, रद्दच करून टाकली होती. दोन्ही मालिका वर्षानुवर्षे नेमाने निघत आलेल्या. एकाच वर्षात दोघींचाही नेम मोडावा, ही घटना वाटते तितकी क्षुल्लक नाही.

संगणकावरचे खेळ हा या पानाचा विषय आहे काय, असे काही वाचक विचारतील. ज्यांच्या घरी बारा ते वीस वयाचे मूल आहे ते तसे विचारणार नाहीत. फुटबॉलच्या अशा एका खेळाला परदेशात ७० डॉलर आणि आपल्याकडे चार-पाच हजार रुपये पडतात. बारा महिन्यांनी तोच खेळ नवा आकडा लावून पुन्हा दुकानात येतो आणि घरात पुन्हा तोच हट्ट सुरू होतो. हा हट्ट मुलाच्या चंचलपणातून येतो की तो मुद्दाम निर्माण केला जातो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

या प्रथेचा आरंभ अमेरिकन फुटबॉलपासून झाला. प्रशिक्षक जॉन मॅडन यांच्या नावाचा खेळ १९८८ मध्ये प्रथम निघाला आणि १९९० पासून तो दरवर्षी निघू लागला. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचा 'फिफा' हा खेळ १९९३ मध्ये आला. त्या काळी या प्रथेत काही वावगे नव्हते. खेळ कार्ट्रिजमध्ये बंदिस्त असे. एकदा विकला की त्यातला एक गणवेशही पालटणे निर्मात्याच्या हाती नव्हते. खेळाडू एक संघ सोडून दुसऱ्या संघात गेला, तर ते दाखविण्यासाठी नवे कार्ट्रिज काढणे भाग होते. आज परिस्थिती सर्वस्वी वेगळी आहे. घराघरांतले यंत्र इंटरनेटला जोडलेले आहे आणि खेळातल्या चुकांची दुरुस्ती दर काही दिवसांनी आपोआप येऊन पडते. गरज सरली, प्रथा मात्र राहिली.

सरकारी कचेरीत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना शुद्धिपत्रक म्हणजे काय हे सांगायला नको. नियमपुस्तिकेतला एखादा नियम बदलला की तेवढ्यापुरती चिठ्ठी छापून येते आणि ती त्या पानावर चिकटवली जाते. त्यासाठी कोणी सबंध पुस्तिका पुन्हा विकत घेत नाही. पंचांगाची गोष्ट निराळी. तिथी-नक्षत्रे दरवर्षी बदलतात, म्हणून पंचांग दरसाल नवे घ्यावे लागते. आमचा माल पंचांगाच्या जातीचा आहे, असे क्रीडा-खेळांच्या निर्मात्यांचे म्हणणे आहे. त्यांच्याच व्यवहाराने ते खोटे पाडले आहे. निन्टेन्डो कंपनीच्या 'स्विच' यंत्रासाठी 'फिफा'च्या ज्या आवृत्त्या २०१९ ते २०२२ या चार वर्षांत निघाल्या, त्यांत संघांच्या याद्या आणि गणवेश यांपलीकडे सांगण्यासारखे नवे नव्हते. कंपनीने त्यांना 'लेगसी एडिशन' असे भारदस्त नाव दिले होते. वारसा म्हणजे जुनाच माल, हा अर्थ त्या नावात आपसूक आला, एवढा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. वस्तुतः ते शुद्धिपत्रकच होते; फक्त पुस्तिकेच्या भावाने विकलेले.

फॉर्म्युला वनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०२६ च्या हंगामात त्या शर्यतींचे नियम मुळापासून बदलले. मोटारींचा आराखडा नवा, इंजिने नवी, 'कॅडिलॅक' हा अकरावा संघ नवा, आणि 'सॉबर'च्या जागी 'ऑडी'. नवा खेळ काढण्यास सबळ कारण असेल, तर ते याच वर्षी होते. नेमके याच वर्षी कंपनी म्हणते की पुरवणीने भागेल. मग ज्या फुटबॉलचे नियम वर्षानुवर्षे जवळपास तसेच राहतात, त्याचे पुरवणीने का भागू नये?

याचे उत्तर खेळाच्या नियमांत नाही, जमाखर्चाच्या वहीत आहे. २००९ पासून 'फिफा'मध्ये 'अल्टिमेट टीम' नावाचा प्रकार आला. यात खेळाडूंच्या चित्रांचे बंद पुडके मिळते. त्यात कोण निघेल हे फोडल्याशिवाय कळत नाही. चांगला संघ जमवायचा तर पुडकी फोडीत बसावे लागते, आणि ज्याला दम नाही तो पैसे मोजून पुडकी घेतो. मार्च २०२१ अखेरच्या आर्थिक वर्षात अशा संघजमवणीतून आपल्याला १६२ कोटी डॉलर मिळाले, असे कंपनीच्याच अहवालात नमूद आहे. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये अशी विकतची पुडकी जुगारात मोडतात असे ठरविले आणि २०१९ च्या जानेवारीअखेर कंपनीला तेथे ही विक्री थांबवावी लागली. इतरत्र ती चालू राहिली. आता यात वार्षिक आवृत्तीचे मर्म असे की, मुलाने वर्षभर खपून, कधी खाऊचे पैसे घालून, जमविलेला संघ नव्या आवृत्तीत येत नाही. तो जुन्या खेळात राहतो आणि सवंगडी नव्या खेळात निघून जातात. सप्टेंबर उजाडला की पाटी कोरी. जुना खेळ वाईट झाला म्हणून कोणी नवा घेत नाही. जुन्या खेळात एकटे पडावे लागते म्हणून घेतो. कालांतराने जुन्याचा सर्व्हरही बंद होतो. 'एनबीए २के' या बास्केटबॉलच्या खेळाचा सर्व्हर दोन-सव्वादोन वर्षांतच बंद करण्याचा रिवाज आहे. २०२३ च्या सप्टेंबरात 'फिफा' हे नाव सोडून 'ईए स्पोर्ट्स एफसी' हा अवतार घेताना कंपनीने आपल्या जुन्या 'फिफा' आवृत्त्या इंटरनेटवरील दुकानांतून काढून टाकल्या. ग्रंथालयाने नवी आवृत्ती येताच जुनी रद्दीत घालावी, तसे हे झाले.

निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. क्रीडासंघटनांना परवान्यापोटी मोठ्या रकमा द्याव्या लागतात, शेकडो माणसांचे पगार चालवायचे असतात आणि एखादे वर्ष कोरे गेले तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल ही भीती असते. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्यासाठीच पुरवणीला योग्य मोल द्यायला हरकत नसावी. तिसरी भीती अनुभवाला उतरलेली नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा खेळ, विद्यार्थी-खेळाडूंच्या मोबदल्याचे प्रकरण न्यायालयात गेल्यामुळे, २०१३ नंतर बंद पडला. अकरा वर्षांनी, २०२४ च्या जुलैत तो परत आला तेव्हा त्या वर्षी अमेरिकेत त्याच्याइतका दुसरा कोणताही क्रीडा-खेळ खपला नाही. (पुढच्या जुलैत त्याची नवी आवृत्ती हजर होती, हे सांगायलाच हवे.) कुस्तीच्या नावाने चालणाऱ्या 'डब्ल्यूडब्ल्यूई' या तमाशावरचा २०१९ चा खेळ इतक्या घाईने निघाला की, १ जानेवारी २०२० रोजी वर्ष बदलताच तो सुरू होईना, यंत्राचे घड्याळ मागे फिरवावे तेव्हा चाले. वार्षिक घाईची याहून मार्मिक थट्टा कोणी विनोदी लेखकालाही सुचली नसती. कंपनीने एक वर्ष सोडले, २०२२ च्या मार्चमध्ये पुढचा खेळ काढला आणि गेलेली पत बऱ्याच अंशी परत मिळविली.

तथापि वर्ष सोडले की सारे आपोआप सुधारते, असेही नाही. जपानच्या 'कोनामी' कंपनीने २०२० मध्ये आपल्या फुटबॉलच्या खेळाची केवळ हंगामी पुरवणी काढली, तेव्हा तिचे कौतुक झाले. एक वर्षाची उसंत घेऊन २०२१ च्या सप्टेंबरात तिने 'ई-फुटबॉल' आणला, तर त्यातल्या नामवंत खेळाडूंचे चेहरे पाहून जगभर हसे झाले आणि कंपनीला क्षमा मागावी लागली. अर्धवट वस्तू दोन वर्षांनी आली तरी अर्धवटच.

आपल्या ओळखीचा दाखला क्रिकेटचा आहे. 'क्रिकेट ०७' हा खेळ नोव्हेंबर २००६ मध्ये निघाला आणि त्यानंतर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने या मालिकेकडे पाठ फिरविली. परवाना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडपुरताच असल्याने त्यात भारतीय खेळाडूंची नावेदेखील धड नव्हती. तरीही सायबर कॅफेंतून, वसतिगृहांतून आणि घरच्या जुन्या संगणकांवर तो दहा-पंधरा वर्षे खेळला गेला. कारण हौशी तरुणांनी त्याची शुद्धिपत्रके स्वतः तयार केली. त्यांनी खरी नावे घातली, आयपीएलचे संघ घातले, मैदाने आणि बॅटी बदलल्या, आणि हे सारे फुकट वाटले. मेलबर्नच्या 'बिग अँट' या संस्थेने पुढे 'क्रिकेट २२', 'क्रिकेट २४' आणि 'क्रिकेट २६' असे खेळ दोन-दोन वर्षांच्या अंतराने काढले. ते निर्दोष नव्हते. पण दोन वर्षे थांबावे लागले म्हणून क्रिकेटवेड्यांचे काही बिघडले, असे ऐकिवात नाही.

मागणी अवाजवी नाही. मूळ खेळ तीन वर्षांनी एकदा निघावा आणि मधल्या हंगामांची पुरवणी माफक दरात मिळावी. पैसे मोजून जमविलेला संघ पुढच्या आवृत्तीत नेता यावा, आणि सर्व्हर किती काळ चालेल ती तारीख वेष्टनावर, औषधाच्या बाटलीवर असते तशी, छापलेली असावी. हे आपण होऊन होईल अशी आशा धरता येत नाही. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने दोन भागीदारांसह इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यातले २० अब्ज कर्जाऊ उभारायचे ठरले. एवढे कर्ज उभे असताना हमखास पैसा देणारी फुटबॉलची मालिका वर्षाआड करायला कोणी धजावेल, हे संभवत नाही. तेव्हा निदान आपल्या घरापुरता निर्णय आपणच घेता येतो. गेल्या सप्टेंबरची तबकडी कपाटात असेल, तर येत्या सप्टेंबरात दुकानात जाण्यापूर्वी नव्या खेळात याद्या आणि गणवेश यांखेरीज काय बदलले आहे, ते मुलालाच कागदावर लिहून काढायला सांगावे.