बिऱ्हाड हलवण्याचा हिशेब

पेणच्या खारेपाटातील एका कुटुंबात गेले दोन महिने एकच विषय चालू आहे : बिऱ्हाड कामोठ्याला हलवावे की नाही. मुलगा कळंबोलीच्या एका गोदामात कंत्राटी हिशेबनीस आहे. सून पेणमधल्या मूर्तिकारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करते. घरात वृद्ध सासू, नववीत गेलेली नात आणि सातबारावर अठरा गुंठे भातशेती. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले असा ओळखीचा माणूस म्हणून हिशेबाचा कागद तपासण्यासाठी माझ्याकडे आला.

कागद नीटनेटका होता. एका बाजूस मुलाच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि त्यात जाणारे रोजचे चार तास. दुसऱ्या बाजूस दोन खोल्यांचे भाडे आणि अनामत. सुनेच्या मजुरीचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "ते तिचे हातखर्चाचे पैसे, काका." वस्तुतः त्याच पैशांवर घरचा किराणा आणि नातीची शिकवणी चालते. कामोठ्यात तिच्या बोटांतील कसबाला विचारणारे कोणी नाही. तेथे तिच्या वाट्याला बहुधा चार घरची धुणीभांडी येतील. तिची मजुरी आणि घरचा तांदूळ हे दोन आकडे मी जमेस धरले, आणि स्थलांतरातून होणारा सारा लाभ तेथेच आटला.

ही चूक त्या मुलाची एकट्याची म्हणता येणार नाही. मुंबईच्या गिरण्यांचे अर्थकारण याच चुकीवर उभे होते. कोकणातून गेलेल्या मजुराला एका माणसापुरते वेतन द्यावे, त्याच्या बायकामुलांचे पोट गावच्या शेतीने भरावे आणि तो थकला की गावानेच त्याला परत घ्यावे, असा तो अलिखित करार होता. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर गावी परतलेल्या असंख्य कामगारांना कोणी जगवले, हे खारेपाटात कोणासही विचारावे. आज गिरणीच्या जागी गोदाम आले आणि कायम कामगाराच्या जागी कंत्राटी. गावाकडून घेतले जाणारे अनुदान मात्र चालूच आहे.

आता अंतराविषयी. पेण ते पनवेल सुमारे 35 किलोमीटर. एवढ्याशा अंतरासाठी माणसाने घर का सोडावे? पनवेलच्या पुढे पेणच्या बाजूस उपनगरी लोकल येत नाही. दिवा–रोहा गाड्या मोजक्या, आणि एक चुकली की दिवसाचा रोज बुडाला. 2011 मध्ये रुंदीकरण सुरू झालेल्या मुंबई–गोवा महामार्गावर एका तपाहून अधिक काळ खड्डे चुकवण्यात गेला. त्याच काळात 21.8 किलोमीटरचा सागरी सेतू उभा राहून 12 जानेवारी 2024 रोजी त्याचे उद्घाटन झाले. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचेही झाले. मोटारवाल्यास समुद्र ओलांडून देणाऱ्या शासनाला पेणच्या मजुरासाठी सकाळच्या आणखी दोन गाड्या जड जातात. अशा स्थितीत कुटुंबाने 'स्वेच्छेने' शहर निवडले असे आमचे नियोजनकार लिहिणार!

पाण्याची गोष्ट याहून कडवट आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे. त्याचे पाणी नळांतून नवी मुंबईला जाते आणि खारेपाटाने मात्र वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली. सुनेने हे एका वाक्यात सांगितले : "आमच्याच तालुक्याचं पाणी प्यायला आम्ही भाडं भरून तिकडे जायचं."

येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही काही विचारले पाहिजे. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणेच्या लाभक्षेत्रातील 22 गावांनी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविषयी आपला कौल दिला. जमीन देणार नाही, हा शेतकऱ्यांचा निर्धार त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिला. त्या लढ्याचा अभिमान मलाही आहे. परंतु जमीन वाचल्यानंतर तिच्यात काय पिकणार, हा प्रश्न आपण तेथेच सोडून दिला. कालव्याचे पाणी कित्येक शेतांपर्यंत आले नाही; खारबंदिस्तीला खांडी पडल्या की भरतीचे पाणी भातात शिरते आणि उघाड्यांची दुरुस्ती कागदावर राहते. आता उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील 124 गावे 2024 मध्ये नव्या नगरासाठी अधिसूचित झाली आहेत. या वेळी दलाल शासनाच्याही आधी पोहोचला आहे. 'जमीन विकू नका' ही आपली घोषणा त्याच्या रोख रकमेपुढे कितपत टिकेल, याची मला शंका वाटते.

मी स्वतः पस्तीस वर्षे दादरला राहून पेणला परतलो. निवृत्तिवेतन दर महिन्याला घरबसल्या मिळते, म्हणून मला गावचे प्रेम परवडते. तेव्हा 'येथेच राहा' असे त्या घराला सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि मी तसे सांगितलेही नाही. दुरुस्त केलेला कागद परत दिला, इतकेच.

मुलगा आता तिसरा मार्ग काढतो आहे : आपण एकट्याने कळंबोलीला खोलीत चौघांबरोबर राहावे आणि शनिवारी घरी यावे. त्याचे आजोबाही असेच लालबागच्या खोलीतून गावी येत, फक्त होळी-गणपतीला. सासूला हे पसंत आहे. सून काही बोलत नाही. कारखान्यात सध्या मोठ्या मूर्तींची आखणी चालू आहे आणि नातीचा शाळेचा दाखला तिने अद्याप काढलेला नाही.