लेन्स दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

गेल्या मे महिन्यात माझ्या कॅमेऱ्याची लेन्स बिघडली. ती दुरुस्त करायची की विकून नवी घ्यायची, हे ठरवायला ऑक्टोबर उजाडला. या पाच महिन्यांत जे घडलं त्यावरून माझं एक मत बनलं आहे, ते इथे मांडतो. तुम्ही कॅमेरा वापरत नसलात तरी वाचा. घरातलं शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर यांच्याबाबत हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येकाला पडतोच.

लेन्स २४ ते १०५ मिलिमीटरची, एफ-४ ची झूम. २०१० साली पगाराच्या थकबाकीतून घेतलेली. तिचं दुखणं असं, की छिद्र पूर्ण उघडं म्हणजे एफ-४ वर ठेवलं तर फोटो निघतो. एफ-८ वर नेलं की बटण दाबताच कॅमेरा अडतो आणि लेन्सशी संपर्क होत नसल्याचा संदेश देतो. लेन्सच्या आत पात्यांची एक चकती असते. ती आवळते तसं छिद्र लहान होतं. या पात्यांपर्यंत हुकूम पोचवणारी एक पातळ, कागदासारखी पट्टी असते, तिला फ्लेक्स केबल म्हणतात. झूम फिरवला की ती दुमडते, परत फिरवला की उलगडते. पंधरा वर्षं दुमडून-उलगडून ती एका जागी चिरली होती. छिद्र पूर्ण उघडं असताना पाती हलवावी लागत नाहीत, म्हणून तेवढं काम चालू होतं.

माझं काम काय, तेही सांगायला हवं. नोकरीतून उरलेल्या वेळात मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुस्लिम घरांमधल्या जुन्या कागदांचे फोटो काढतो. निकाहाच्या नोंदी, मोडीतले आणि फारसीतले जमिनीचे कागद, जहाजावर खलाशी म्हणून गेलेल्यांची पत्रं, केपटाउनला स्थायिक झालेल्या नातेवाइकांची पत्रं. कागद घरातच राहतो, मी फक्त फोटो घेऊन येतो. अशा कामाला एफ-८ बरं पडतं, कारण पानाचे कोपरेही मधल्या भागाइतके रेखीव येतात. त्यामुळे लेन्स बिघडली तेव्हा मी जाहीर करून टाकलं, की आता काम बंद.

मग सल्ले सुरू झाले. अधिकृत सेवा केंद्राने सांगितलं, की या मॉडेलचा तो भाग आता येत नाही. बाहेरच्या एका कारागिराने फोनवर ६,८०० रुपये सांगितले. एक मित्र म्हणाला, जुन्यावर पैसे घालू नकोस, सरळ मिररलेस घे. त्याचा हिशेब केला तर बॉडी आणि लेन्स मिळून दोन लाखांच्या घरात जात होता. माझ्यासारखीच चालू स्थितीतली जुनी लेन्स बाजारात वीस-बावीस हजारांना मिळत होती. आपल्याकडे एक ढोबळ नियम सांगतात: दुरुस्तीचा खर्च त्या वस्तूच्या जुन्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्त करा, वर जात असेल तर सोडून द्या. या नियमाने माझं उत्तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच मिळालं होतं. ६,८०० हे बावीस हजारांच्या निम्म्यापेक्षा बरेच कमी.

तरी मी दुरुस्त केली नाही. कारण खरं सांगायचं तर मला नवी हवी होती. आणि नवी घेतलीही नाही, कारण अम्मीचा एक शब्द डोक्यात बसलेला आहे: इस्राफ. उधळपट्टी, गरजेपेक्षा जास्त वापर. वुजू करताना नळ मोठा सोडला तरी ती हाच शब्द वापरून ओरडायची. चालण्यासारखी वस्तू असताना दोन लाखांची दुसरी आणणं म्हणजे इस्राफ, हे मला पटत होतं. म्हणजे जुनीवर पैसे घालायचे नाहीत कारण ती जुनी, आणि नवी घ्यायची नाही कारण ती उधळपट्टी. दोन्ही बाजूंची कारणं चांगली होती आणि दोन्ही मिळून मी काहीच करत नव्हतो. यूट्यूबवर नव्या लेन्सची परीक्षणं मात्र रोज रात्री बघत होतो.

दरम्यान पावसाळा आला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लेन्स ठेवायला हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी असं सांगतात. आमच्याकडे पावसाळ्यात ती ८०-९० टक्क्यांवर असते. वापरात असलेली लेन्स हवेला लागते, उजेडात फिरते. माझी कपाटात चामड्याच्या पाकिटात पडून होती, आणि चामडं ओल धरून ठेवतं. सप्टेंबरात टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या एका भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ही बुरशी भिंगावरच्या धुळीवर, तेलकट थरावर वाढते आणि जे आम्ल सोडते त्याने भिंगावरचं कोटिंग खाल्लं जातं. लवकर पुसली तर निघते. उशीर झाला तर बुरशी जाते, डाग राहतो. मे महिन्यात एक बिघाड होता, आता दोन झाले.

पण पावसाळ्यातलं खरं नुकसान लेन्सचं नव्हतं. वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या एका गावातल्या एका वृद्ध बाईंनी मला मे महिन्यातच निरोप पाठवला होता: घरात सासऱ्यांची पेटी आहे, कागद आहेत, येऊन फोटो काढून जा. मी म्हटलं, खालाजान, कॅमेरा दुरुस्तीला गेलाय, आला की येतो. दुरुस्तीला गेलेला नव्हताच. ऑगस्टमध्ये त्यांच्या घराची कौलं सरकली, पेटीवर पाणी गळत राहिलं आणि लक्षात येईपर्यंत आत लगदा झाला होता. त्यावर कुठेतरी अल्लाहचं नाव असणार म्हणून घरच्यांनी तो कचऱ्यात टाकला नाही, अदबीने खाडीत सोडला. हे मला त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. खालाजान तर म्हणाल्या, तुझा तरी काय दोष, बाबा, मशीन बिघडलं होतं.

ऑक्टोबरमध्ये मी मुंबईला गेलो. फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, दुरुस्तीवालेही आहेत. त्यातल्या एका माळ्यावर बसणाऱ्या कारागिराकडे लेन्स दिली. वय साठीच्या पुढचं, सगळे चाचा म्हणतात. त्यांनी केबल बदलायचे ६,८०० आणि भिंग साफ करायचे वेगळे १,५०० सांगितले, आणि बजावलं, की या केबली आता थोड्याच उरल्यात, दोन वर्षांनी आलास तर मिळेलच असं नाही. मग विचारलं, काय काढतोस हिने? मी सांगितलं. ते हसले. ‘पेपर के लिए ये लेन्स कायको?’ कागदासाठी झूम लागतच नाही, साधी ५० मिलिमीटरची लेन्स घे, पानाच्या कडा सरळ येतात, जुनी चार-पाच हजारांत मिळते. आणि पुढे म्हणाले, तशी तर तुझी लेन्स एफ-४ वर चालत होती ना? कोपरे जरा मऊ आले असते, अक्षर तर वाचता आलं असतं.

यावर मला काही बोलता आलं नाही. मे महिन्यातच मी कॅमेरा तसाच उचलून खाडीकाठी गेलो असतो तर ती पेटी आज फोटोंच्या रूपाने माझ्याकडे असती. दुरुस्ती की नवी, हा प्रश्न माझ्या कामाच्या आड आला नव्हता. मी तो आड आणून ठेवला होता.

म्हणून माझं मत असं. वस्तू बिघडली की पहिला प्रश्न ‘दुरुस्ती की नवी’ हा नसावा. पहिला प्रश्न असावा: हिच्याकडून मला कोणतं काम करून घ्यायचंय, आणि ते काम आज, आहे त्या अवस्थेत कितपत होतंय? त्यानंतर बिघाड कसला ते पाहा. केबल तुटणं, पात्यांवर तेल येणं, फोकसची मोटर जाणं, झूम सैल होणं हे एकेका भागाचे आजार आहेत; भाग मिळत असेल तर दुरुस्तीच करावी. चिकटवलेली भिंगं एकमेकांपासून सुटणं, बुरशीने कोटिंग खोलवर खाणं, पडून भिंगांची रांग वाकणं, अशा ठिकाणी हात आखडता घ्यावा. लेन्स जुनी झाली म्हणून नव्या कॅमेऱ्यावर निकामी होते, हेही सरसकट खरं नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. २०१८ साली दोघांनी नवे माउंट आणले, पण सोबत अडॅप्टरही दिले, त्यावर जुन्या लेन्स चालतात. आणि काहीही ठरवा, तारीख घालून ठरवा. न ठरवण्याचा खर्च कुठल्याच बिलावर लिहिलेला नसतो.

एवढं सगळं स्वतःवर घेऊनही एक गोष्ट राहते. सेवा केंद्राने ‘भाग येत नाही’ म्हटलं तो भाग बोरा बाजारातल्या माळ्यावर मिळाला. चाचा उद्या नसतील तेव्हा काय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं त्यात आहेत. फ्रान्समध्ये २०२१ साली मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कपडे धुण्याचं यंत्र अशा वस्तूंवर ती किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही वस्तू विकताना तिचे सुटे भाग किती वर्षं मिळतील हे कंपनीने लिहून द्यावं आणि ते भाग बाहेरच्या कारागिरालाही विकावेत, असा कायदा व्हायला हवा. तसं लिहिलेलं असतं तर माझं जूनमधलं उत्तर जूनमध्येच अमलात आलं असतं, असं म्हणायचा मोह होतो. पण ते मी म्हणणार नाही.

लेन्स आता चालते. एका भिंगावर फिकट डाग राहिलाय, समोरून ऊन आलं तरच दिसतो. ५० मिलिमीटरचीही घेतली, जुनी, ४,५०० ला. आणि यादीत अजून अकरा घरं आहेत, जूनच्या आत सगळीकडे जायचंय.