सहजीवनाचा पुरावा

गेल्या महिन्यांत आमची एक जुनी विद्यार्थिनी घरीं आली व एक विलक्षण पत्र मागूं लागली. ज्याच्याबरोबर ती चार वर्षें पुण्यांत राहिली तो ब्रिटिश नागरिक असून हल्लीं लंडनला परतला आहे. दोघांचें लग्न झालेलें नाहीं. अविवाहित सहचरासहि तिकडे व्हिसा मिळतो. मात्र नातें खरें आहे, आणि निदान दोन वर्षें तें विवाहासारखेंच चाललें आहे, हें सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. तेव्हां ‘ह्या दोघांस एकत्र नांदतांना आम्हीं पाहिलें आहे’ असें आम्हीं लिहून द्यावें, ही तिची विनंती. ‘आईवडिलांचेंच पत्र कां नको?’ असें आम्हीं विचारलें. ती नुसती हंसली. ती मुलींच्या वसतिगृहांत राहाते, एवढेंच त्यांस ठाऊक होतें.

ही हकीकत ऐकतांच आमचे कांहीं स्नेही इंग्रज सरकारवर तुटून पडले. दोन जीवांच्या जिव्हाळ्याची झडती घेणारे हे कोण, असा त्यांचा सवाल. सवाल अगदींच अनाठायीं नाहीं. १९७९ सालीं हीथ्रो विमानतळावर लग्नासाठीं आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य-परीक्षा घेण्यांत आली, हें लांच्छन त्या सरकारला कधींच पुसतां येणार नाहीं. पण त्या परीक्षेमागील गृहीत काय होतें? हिंदुस्थानांतून आलेली वधू कुमारीच असणार. नसली तर ती आधींच विवाहित असली पाहिजे! हा मापदंड त्या अधिकाऱ्यानें लंडनच्या धुक्यांत शोधला नव्हता. तो आमच्याच माजघरांतून उचलला होता.

खोटीं नातीं जोडून परदेशीं शिरूं पाहाणारेहि असतात. तेव्हां कांहीं पुरावा मागणें गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. (लबाडाचे कागद नेहमींच नीटनेटके असतात, ही गोष्ट निराळी.) आमचा रोख दुसरीकडे आहे. त्या मुलीनें पुराव्यांची यादीच आमच्यापुढें ठेविली. दोघांच्या नांवें भाडेकरार हवा. पण अविवाहित जोडप्यास घर देणार नाहीं असें मालकानें बजावल्यामुळें करार तिच्या एका मैत्रिणीच्या नांवें झालेला. विजेचें बिल मालकाच्या नांवें. त्याचीं पत्रें कचेरीच्या पत्त्यावर येत, कारण सोसायटीचा पहारेकरी पाकिटावरील नांवें वाचीत असे. छायाचित्रें होतीं, तीं गांवीं जाण्यापूर्वीं दर खेपेस पुसून टाकलेलीं. परकी कचेरी जो कागद मागते तो जन्मासच येऊं नये, अशी पक्की तजवीज आपण सुशिक्षितांनीं येथें करून ठेविली आहे!

३१ जानेवारी २०२४ पासून एकाच घरीं राहिलेंच पाहिजे, ही अट तिकडे उठली. तरी वेगळें राहाण्याचें सबळ कारण व नात्याचा टिकाऊपणा पटवून द्यावाच लागतो. ‘शेजारी काय म्हणतील’ हें कारण इंग्रजींत कसें मांडावें, तें आम्हांस इतकीं वर्षें शिकवूनहि सुचत नाहीं.

आपल्या न्यायालयाचें तरी निराळें काय आहे? २०१० सालीं वेलुसामी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, विवाहसदृश नातें मानावयाचें तर त्या दोघांनीं समाजापुढें पतिपत्नीसारखें वावरलें पाहिजे. समाजापुढें! आणि समाज तर दाराच्या फटींतून पाहाणार, पण दार उघडें मात्र राहूं देणार नाहीं.

‘मग लग्न करून मोकळे कां होत नाहींत?’ असें कोणी विचारील. ज्यांस करतां येतें त्यांनीं करावें कीं न करावें, हा त्यांचा प्रश्न. पण दोन पुरुष वा दोन स्त्रिया ह्यांनीं येथें काय करावें? १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयानें त्यांस विवाहाचा हक्क नाकारला गेला. लग्न करा म्हणून त्यांस कोणत्या तोंडानें सांगावें?

पत्र आम्हीं लिहावयास घेतलें. दोघांस एकत्र कितीदां पाहिलें हें आठवूं लागलों, तों दोनच प्रसंग आठवले, दोन्ही आमच्याच घरचे. दोन्ही वेळां बाहेरच्या पाहुण्यांस आम्हीं त्या तरुणाची ओळख ‘हिचे कचेरींतले सहकारी’ अशी करून दिली होती. पत्रांत आम्हीं तेंहि लिहिलें, आणि तसें कां केलें हेंहि.